मुका बैल आणि माझा समारोप

कोल्हापूर शहर व पंचक्रोशीतील सर्व सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरात एक परपुरुष राहायला आला आहे. तो इटलीचा आहे. अविवाहित आहे. अंगाने अवाढव्य आहे. त्याला माझ्या बायकोनं आणलं आहे, आणि त्याला वारून साडेसातशे वर्षं झाली आहेत. सदर बाब मी पोलिसांत कळवलेली नाही, कारण असल्या माणसावर कुठलं कलम लागतं ते मला माहीत नाही.

जाहीर निवेदन संपलं. आता खासगीतलं सांगतो.

माझा लग्नपत्रिका छापायचा धंदा आहे. दिवसभर इतरांच्या आनंदाच्या बातम्या छापायच्या आणि संध्याकाळी माईक मिळेल तिथं उभं राहायचं, असं माझं आयुष्य. सत्कार असो, बारसं असो, कुणी निवृत्त होत असो, निवेदनाला मी. पण या सगळ्यात माझ्या जिवाची गोष्ट एकच होती. आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेचा समारोप. बाहेरगावचे विद्वान आपापलं बोलून जायचे आणि शेवटच्या संध्याकाळी मी उभा राहून गोष्टी सांगायचो. लोक मफलर गुंडाळून यायचे आणि हसून हसून मफलर सोडून बसायचे. पहिल्या रांगेत डाव्या हाताला बायको बसायची. तिच्या हसण्यावरून मला कळायचं, गोष्ट कुठं ताणायची आणि कुठं सोडायची.

बायको शाळेत गणित शिकवते. मूळची आजऱ्याची, पण वर्गात उभं राहून राहून तिची बोली पार पुस्तकी झालीय. आजरा बाहेर येतो तो फक्त बोट दारात सापडल्यावर. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि घर मोकळं झालं, तेव्हा हिनं बहिःस्थ एम. ए.ला नाव घातलं. विषय तत्त्वज्ञान. मला आनंद झाला. म्हटलं, तिचा वेळ जाईल आणि मला चार नवे किस्से मिळतील. पहिल्या वर्षी आपल्याकडचे आचार्य आले. ते घरचेच लोक, माझी हरकत नव्हती. दुसऱ्या वर्षी युरोपातले मध्ययुगीन पंडित आले, आणि त्यांतला हा एक जेवणाच्या टेबलाशी बसला तो उठेनाच.

एक दिवस सकाळी मी दात घासत बाहेर आलो, तर ही पुस्तकात बघून हसत होती. एकटी. या घरात हसवण्याचं खातं माझ्याकडं आहे अशी माझी समजूत होती.

"काय झालं?" मी तोंडात फेस घेऊन विचारलं.

"काही नाही. याला वर्गातली मुलं मुका बैल म्हणायची. इतका जाड आणि इतका गप्प. तेव्हा याचे गुरू म्हणाले, हा बैल एक दिवस असा हंबरेल की सगळ्या जगाला ऐकू जाईल."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"तुम्ही चूळ भरून या," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिनं त्याचं चित्र छापून आणलं, तेही माझ्या छापखान्यातून नाही, आणि फ्रिजवर लावलं. तिथं आधी मला शाल घालतानाचा फोटो होता. माझी शाल सरकून गॅसवाल्याच्या नंबराखाली गेली. पाणी प्यायला उठलो की तो माझ्याकडं बघायचा. टक्कल, दुहेरी हनुवटी, हातात पुस्तक. म्हणजे पुस्तक सोडलं तर आमच्यात तसा फारसा फरक नव्हता, आणि हेच मला सहन होत नव्हतं. माझ्या पोटाबद्दल या घरात गेली कित्येक वर्षं टोमणे चालू आहेत. त्याच्या पोटासाठी म्हणे टेबलाला अर्धगोल खाच पाडली होती, आणि हे ती कौतुकानं सांगायची.

रोज नाष्ट्याला त्याच्या आयुष्यातलं काहीतरी ताटात पडायचं. तो मोठ्या सरदार घराण्यातला. घरच्यांना वाटत होतं, पोरगा मठात जाणारच असेल तर निदान श्रीमंत मठाचा महंत होईल. हा निघाला भिक्षा मागणाऱ्या साधूंच्या पंथात. तर भावांनी वाटेत गाठून त्याला उचललं आणि घरच्या गढीत वर्षभर कोंडलं. आपल्याकडं पोरगं पळून जाऊन लग्न करतं म्हणून भाऊ उचलून आणतात. हा लग्न न करण्यासाठी पळाला होता. त्याचा विचार बदलावा म्हणून भावांनी त्याच्या खोलीत एक देखणी बाई पाठवली. यानं शेकोटीतलं जळतं लाकूड उपसलं आणि तिला दाराबाहेर काढलं.

"बघा," बायको म्हणाली, "मन किती एकाग्र."

मी पोह्यांतली मिरची बाजूला काढत बसलो. एकाग्रपणे.

गोष्टींपर्यंत ठीक होतं. पण मग त्याची रीत घरात शिरली. हा माणूस कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सरळ द्यायचा नाही. आधी विरोधकांचं म्हणणं मांडायचा, तेही जमेल तितकं भक्कम करून. मग दुसऱ्या बाजूचा एखादा आधार. मग स्वतःचं उत्तर. आणि शेवटी आधी मांडलेल्या एकेका आक्षेपाला वेगळा जबाब.

"आपल्या शास्त्र्यांचंही हेच होतं," बायको म्हणाली. "आधी पूर्वपक्ष. आणि तालमीत काय करतात? कुस्तीआधी समोरच्याच्या अंगाला माती लावतात. कशासाठी? अंग घामानं निसटू नये म्हणून. पकड नीट बसली तर कुस्ती. नाहीतर नुसती घसराघसरी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आजपासून आपण भांडायच्या आधी समोरच्याची बाजू मांडायची. समोरचा 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत आपलं उत्तर सुरू करायचं नाही. हे शेवटचं कलम त्याचं नाही, माझं आहे."

त्याच आठवड्यात पहिलं भांडण आलं. तिला रविवारी नृसिंहवाडीला जायचं होतं, मला नव्हतं. ती हात पुसत समोर बसली.

"तुमची बाजू मांडते. तुम्हाला वाडी नको असं नाही. तुम्हाला बासुंदी हवीय, घाटावरचा वाराही हवाय. पण दर्शनाच्या रांगेत पुढच्या माणसाची पाठ तुमच्याकडं असते, आणि पाठीशी बोलता येत नाही. तासभर गप्प उभं राहायचं म्हटलं की तुमच्या जिवावर येतं. बरोबर?"

हे मलाही आतापर्यंत ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "व्हय."

"आता माझी मांडा."

"तुला वाडीला जायचंय, कारण शेजारच्या वहिनी जाऊन आल्या."

"नाही."

"नवीन साडी आहे."

"नाही."

"माझ्या हातून घडलेल्या पापांचं तुला..."

"अहो, माझी बाजू मांडायचीय. नाटकातली नाही."

आम्ही वाडीला गेलो. नंतरही दर भांडणात असंच. ती दोन वाक्यांत माझा 'व्हय' काढून घ्यायची. मला तिचा 'हो' एकदाही मिळाला नाही. ज्यानं आजवर हजारो लोकांना हसवलंय, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरात एका माणसाचा होकार मिळू नये, आणि हे सगळं त्या जाड्या साधूमुळं.

एकदा मी सरळच म्हणालो, "मला त्याचा हेवा वाटतोय, असं तुझं म्हणणं असेल तर ते खरं आहे."

तिनं चष्मा काढला. "त्यानं मत्सरावरही लिहिलंय. मत्सर म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्याचं दुःख, कारण त्यामुळं आपण कमी ठरतो असं आपल्याला वाटतं. पण तो म्हणतो, माणूस फार दूरच्याचा मत्सर करत नाही. काळानं दूर, देशानं दूर, पायरीनं दूर. मत्सर होतो तो जवळच्याचा. ज्याच्याशी आपली बरोबरी होऊ शकते त्याचा."

मी टेबलावर थाप मारली. "सापडला. तो काळानं दूर, देशानं दूर, आणि तरी माझ्या पोटात जळतंय. मी स्वतः त्याच्या सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा म्हणून तुझ्यासमोर बसलोय."

"किंवा," ती चष्मा घालत म्हणाली, "जळतंय ते दुसऱ्याच कुणावर तरी."

तेव्हा मी ते चेष्टेवारी नेलं.

वाचनालयाचा कार्यवाह म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. दूध संस्थेत कामाला. थंडी सुरू झाली तसा तो छापखान्यात आला. एरवी आल्या आल्या चहा सांगणारा माणूस त्या दिवशी पत्रिकांचे नमुने उलटेपालटे करत उभा राहिला.

"यंदा समारोपाला वैनींस्नी बोलवायचं ठरलंय," तो म्हणाला.

"कुणी ठरवलं?"

"कमिटीनं."

"कमिटीत मी हाय की."

"तू गेलतास त्या दिशी साखरपुड्याच्या निवेदनाला. तवाच ठरलं."

"माझं काय वाईट झालंतं?"

"वाईट न्हाय रं. पर तुज्या गोष्टी लोकांस्नी पाठ झाल्यात. गेल्या साली तू म्हशीचा किस्सा काढलास, तर म्हस गोठ्यातनं निघायच्या आदीच लोकं हसली."

"ती दाद व्हती."

"ती घाई व्हती. आनि आमची आई माजा जीव खातीया. वैनींनी हळदीकुंकवाला कुठल्या बैलाची गोष्ट सांगितली आनि अर्ध्यात उठून गेल्या. रोज इचारतीया, त्या मुक्या बैलाचं फुडं काय झालं?"

हे वाक्य मला लागलं. माझ्या गोष्टीचं पुढं काय झालं असं मला कुणीच विचारत नव्हतं, कारण पुढं काय होतं ते साऱ्या पेठेला ठाऊक होतं.

"तुला वाईट वाटाय नगं," तो म्हणाला, "म्हणून पावण्याचा परिचय तूच करून द्यायचा, आनि शेवटाला आभार बी तूच."

परिचय. हा शब्द कानावर पडला आणि माझ्यातला सज्जन माणूस उठून बाहेर गेला. सभेच्या धंद्यात मुरलेल्या माणसालाच कळतं की वक्त्याला संपवायचं असेल तर भाषणात अडथळा आणायची गरज नसते. परिचय थोडा लांबवला की पुरतं.

त्या संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरला होता. कार्यवाहाच्या आई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, डाव्या हाताला, म्हणजे बायकोच्या खुर्चीत. बायको व्यासपीठावर, गुळगुळीत घडीची सुती साडी, मांडीवर टिपणाचा कागद. तिच्यापुढं एक माईक, माझ्यापुढं एक. मी उभा राहिलो. तिचं शिक्षण सांगितलं, शाळा सांगितली. मग म्हणालो, "आणि आता त्यांच्या या पाहुण्याविषयी दोन शब्द."

दोन शब्दांत मी मुका बैल सांगितला. हंबरून दाखवला. भावांनी उचललेला पोरगा सांगितला, लग्न न करण्यासाठी पळालेला, तिथं हॉल फुटला. जळतं लाकूड घेऊन मी व्यासपीठावर एक फेरी मारली. टेबलाची खाच सांगितली, माझ्या पोटानिशी. तो एकाच वेळी तिघाचौघा लेखनिकांना वेगवेगळे ग्रंथ सांगायचा, तेही करून दाखवलं. आणि शेवटी राजाच्या मेजवानीची गोष्ट, जी मी मुद्दाम राखून ठेवली होती. राजाच्या पंगतीत सगळे गोड गोड बोलतायत आणि हा आपल्याच विचारात. एकदम टेबलावर मूठ आपटतो आणि ओरडतो की आता त्या पाखंडी लोकांचं तोंड बंद. सगळी पंगत गार. पण राजा शहाणा, त्यानं लगेच लेखनिक बोलावला, म्हटलं, विसरायच्या आत लिहून घ्या.

हा शेवट सांगताना मी टेबलावर अशी मूठ मारली की कार्यवाहाचा पाण्याचा ग्लास आडवा झाला. कार्यवाह केव्हापासून मनगटावर बोट आपटून दाखवत होता. टाळ्या थांबेनात. मी बसलो आणि बायकोकडं बघितलं.

तिनं टिपणाच्या कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि तो पर्समध्ये टाकला. मला जे हवं होतं ते झालं होतं. मग मला पाणी का प्यावंसं वाटलं ते माहीत नाही.

ती आपल्या माईकपुढं उभी राहिली. "परिचय लांबला, पण चांगला झाला. मी या गोष्टी इतक्या चांगल्या सांगितल्या नसत्या. आता गोष्टी संपल्यात, तर आपण कामाला लागू."

तिनं त्याची रीत सांगितली, मातीचा दाखला दिला. मग म्हणाली, "करून बघू. फुटबॉल बघणारे किती?"

आमच्या गावात हा प्रश्न विचारायचा नसतो. इथं पेठापेठांचे संघ आहेत आणि एकाच्या समर्थकानं दुसऱ्याच्या गल्लीतून जाताना शर्टाचा रंग बघून जायचं असतं. तिनं दोन कट्टर माणसं नेमकी उचलली. एक चप्पल दुकानदार, एक वायरमन. दोघंही माझ्या म्हशीला हसत आलेले.

"दादा, तुम्ही यांच्या संघाची बाजू मांडायची. यांनी होय म्हणेपर्यंत."

दुकानदार कसाबसा उभा राहिला. "त्येंची टीम बरी हाय," तो म्हणाला. "कधी कधी. रेफ्री त्येंचा असला की."

"न्हाय," वायरमन बसल्या जागेवरून म्हणाला.

"त्येंचा गोलकीपर चांगला हाय. म्हंजे व्हता. म्हातारा झाला."

"न्हाय."

"बाई, हे जमायचं न्हाय. मला घरी घेनार न्हाईत."

हॉल हसून लोळत होता, आणि त्यात मी कुठंच नव्हतो. दुकानदार डोकं खाजवत उभा राहिला. मग खाली बघत म्हणाला, "त्येंची पोरं गरिबाची हायत. बूट नसले तरी खेळत्यात. हरल्यावर बी त्येंची पब्लिक मैदान सोडून जात न्हाय. आमची जाती."

वायरमन जागेवरून उठला. मग म्हणाला, "व्हय." आणि दुकानदाराचं मत काय हे विचारायचं सगळेच विसरले.

हसू ओसरल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "एक गोष्ट परिचयात राहिली." नाष्ट्याला मला न सांगितलेली गोष्ट तिच्याकडं होती.

"या माणसानं आयुष्यभर लिहिलं. मोठा ग्रंथ पुरा होत आला होता. एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्याला काहीतरी झालं. काय, ते त्यानं धड कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर त्यानं लिहिणं बंद केलं. लेखनिक मागे लागला, म्हणाला, पुरं करा. तर हा म्हणाला, मला आता नाही जमणार. मला जे दिसलं त्यापुढं मी लिहिलेलं सगळं पेंढ्यासारखं वाटतंय." ती थांबली. "आपण पाचट म्हणू. ऊस तुटल्यावर फडात उरतं ते. काही महिन्यांनी तो वारला. पन्नाशीही गाठली नव्हती. ग्रंथ अपुराच राहिला. मी तो वाचतेय. मला ते पाचट वाटत नाही. पण ज्याला स्वतःचं सगळं पाचट म्हणता येतं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं असं मला वाटतं."

आणि ती थांबली. हॉलमध्ये पंख्याचासुद्धा आवाज नव्हता, कारण थंडीमुळं पंखे बंद होते. कार्यवाहाच्या आईंनी पदर तोंडाला लावला होता. दुकानदार आणि वायरमन शेजारी शेजारी बसले होते.

हशा मला मिळतो. कधीही, कुठंही, बारशातसुद्धा. ती शांतता मला आजवर मिळाली नव्हती. मी व्यासपीठावर तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो, आणि माझ्या पोटात जे पेटलं ते त्या साधूवरून नव्हतं. तो काळानं दूर, देशानं दूर. त्याचा सिद्धान्त बरोबर होता, आणि त्याचाही मला राग आला.

टाळ्या झाल्या. ती बसली. कार्यवाहानं माझ्याकडं बोट केलं. आभार.

माईक हातात आल्यावर मला हरून बसवत नाही. मी ठरवलं, हिचा होकार काढायचा, सगळ्या पेठेसमोर. "आभारांच्या आधी," मी म्हणालो, "नियमाप्रमाणं मी वक्त्यांची बाजू मांडतो."

लोक पुढं सरकून बसले.

"यांना समारोप हवा होता, कारण यांना मला हरवायचं होतं."

बायकोनं मान हलवली. "न्हाय म्हणत्यात," वायरमन मागून म्हणाला.

"यांना तो साधू माझ्यापेक्षा आवडतो."

पुन्हा नाही. कार्यवाहाच्या आई हसल्या. "आवो, नीट बगा की तिच्याकडं," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. माझ्या माईकमधून बारीक शीळ निघत होती. तयार वाक्यं संपली होती, आणि समोर पहिल्या रांगेतली डाव्या हाताची ती खुर्ची दिसत होती.

"यांचं म्हणणं असं," मी म्हणालो, आणि आवाज कसा लावावा ते मला कळेना, "की त्या खुर्चीत बसून यांनी माझं सगळं ऐकलं. म्हशीची गोष्ट यांना पाठ आहे. तरी दरवेळी हसल्या, कारण यांनी सुरुवात केल्याशिवाय हॉल हसत नाही, हे यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. यांचं म्हणणं, एकदा यांनी बोलावं आणि त्या खुर्चीत मी असावं. परिचयाला नाही, आभाराला नाही. नुसतं ऐकायला."

हॉल पुन्हा गप्प झाला. पण ही शांतताही माझी नव्हती. सगळे तिच्याकडं बघत होते.

तिच्यापुढचा माईक बंद करायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. त्यातून सगळ्या पेठेला आजरा ऐकू आला :

"व्हय की. मग बसा की आता."